घरभेट सेवेच्या पडताळणीसाठी मनुष्यबळ व निधीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबईकर चाकरमानी बंधुभगिनींस सप्रेम नमस्कार.

2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटल्याचे जनगणनेत नोंदले गेले. त्यामागची कुलूपबंद घरे आणि मागे राहिलेली म्हातारी माणसे आपण वाडीवाडीत पाहतोच. अशा वृद्धांसाठी व दिव्यांग ग्रामस्थांसाठी मंडळ काही वर्षांपासून घरभेट सेवा चालवीत आहे. सेवेची नोंदवही चोख आहे; मात्र तीवरून कार्यकर्ती कोणाकडे केव्हा गेली एवढेच कळते, त्या माणसाचे जगणे किती सुसह्य झाले ते कळत नाही. देणगीतून मिळालेली एक व्हीलचेअर आज पडवीत भाताच्या पोत्यांशेजारी उभी आहे, कारण घराचा उंबरठा उंच आणि बाहेर पडताच जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. वाटपाच्या यादीत तिच्यापुढे अर्थातच बरोबरची खूण आहे.

म्हणून यंदा गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर घरोघरी जाऊन या सेवेची पडताळणी करण्याचे कार्यकारिणीने ठरविले आहे. आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा बाबींत माणूस स्वतः किती करू शकतो, हे पाहण्याची अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांची 1963 सालची पद्धत आजही वापरात आहे व तीच आपण घेणार आहोत. तथापि वयानुसार ताकद कमी होणारच, त्यामुळे केवळ गुण घटले म्हणून सेवा फसली असे मानता येणार नाही. औषधे वेळेवर मिळतात का, पडण्याचे प्रसंग कमी झाले का, श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे पैसे हाती येतात का, आणि सांभाळणाऱ्या सुनेला वा मुलीला चार दिवस माहेरी किंवा सासरी जाता येते का, हेही विचारावे लागेल. हा शेवटचा प्रश्न तिला एकटीला गाठून विचारायचा आहे.

यासाठी बोलीभाषा समजणारे स्वयंसेवक हवेत. स्त्रियांची संख्या अधिक असल्यास उत्तम. कोणालाही स्वतःच्या वाडीत किंवा भावकीत पाठविले जाणार नाही आणि भेटीच्या वेळी आपली कार्यकर्ती सोबत नसेल, कारण घरातल्या माणसासमोर किंवा रोज मदत करणाऱ्या मुलीसमोर म्हातारे माणूस तक्रार करीत नाही. आकडेवारी संगणकावर मांडू शकणाऱ्या एखाद्या जाणकाराचीही गरज आहे.

फॉर्मची छपाई, रिक्षाभाडे, स्वयंसेवकांचे जेवण आणि बाहेरील तज्ज्ञाचे मानधन यांसाठी निधी लागेल. पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचे नाव घालता येते, पाहणीच्या फॉर्मवर येत नाही. तरीही या कामासाठी वेगळी देणगी द्यावी, ही विनंती. रक्कम खजिनदारांकडे जमा करून पावती घ्यावी. उरलेला निधी उंबरठ्यांना उतार बांधण्यासाठी वापरला जाईल.

कोणाचेही नाव उघड न करता निष्कर्ष, त्रुटींसह, वार्षिक सभेत वाचले जातील. स्वयंसेवकांनी आपली नावे नारळी पौर्णिमेपर्यंत मंडळाच्या कार्यालयात किंवा मुंबई शाखेच्या चिटणीसांकडे नोंदवावीत.

आपले नम्र,
कार्यकारिणी, ग्रामस्थ मंडळ