संपादकांची पत्रं रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या मासिकांवरचा लेख वाचला. ‘सत्यकथे’तल्या कथांबद्दल त्यात भरभरून लिहिलं आहे, पण त्यामागच्या पत्रव्यवहाराबद्दल एक ओळही नाही, याची चुटपुट लागली.

‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीतून लेखकांना पत्रं धाडत, कथा पुन्हा लिहायला लावत. सगळ्यांना हे रुचलं असं नाही. १९६९ साली लघुअनियतकालिकं, म्हणजे स्वतःच काढलेले छोटे, अनियमित अंक चालवणाऱ्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, त्यांचा रागही समजण्यासारखा होता. १९८२ मध्ये मासिक बंद पडलं. कथाकार जी. ए. कुलकर्णींची पत्रं पुढे खंडांत छापून आली, कारण ज्यांना ती आली त्यांनी जपली. मग संपादकांनी लेखकांना लिहिलेली पत्रं कुठे आहेत? बरीचशी गावोगावच्या माळ्यांवर, ट्रंकांत असणार.

हे अंदाजाने म्हणत नाही. माझे थोरले काका पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते, कथा लिहायचे. ते गेल्यावर मी पोचेपर्यंत कागदांची दोन पोती रद्दीवाल्याकडे गेली होती. उरलेल्यात मुंबईच्या एका मासिकाच्या संपादकांचं निळं आंतरदेशीय पत्र सापडलं. कथा साभार परत केलेली, पण का ते सविस्तर लिहिलेलं. बहीण माहेरच्या दारात येऊन उभी राहते तिथेच कथा संपते, पुढचं दीड पान तुम्ही वाचकाला समजावत बसला आहात, असा त्याचा आशय. जागा संपली म्हणून शेवटच्या दोन ओळी चिकटवायच्या पट्टीवर आडव्या लिहिल्या होत्या. खाली काकांनी शिसपेन्सिलीने लिहिलंय, ‘दीड पान काढले. बरोबर आहे.’ त्याच मासिकात ती कथा नंतर छापून आली. मी ती लहानपणापासून वाचत आले. तिचा शेवट कसा झाला, हे या पत्रामुळे मला पहिल्यांदा कळलं.

कुणाच्या खासगी गोष्टी बाहेर येतील, अशी भीती घरच्यांना वाटते. पण पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा असला, तरी मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या वारसांकडे राहतो. ग्रंथालयात नुसती जपायला दिली म्हणजे छापली जातील असं नाही.

म्हणून कळकळीची विनंती आहे. कथालेखकांच्या मुला-नातवंडांना आपल्या पुरवणीतून आवाहन करावं: घर आवरताना संपादकांची पत्रं बाजूला काढा, पाकिटासकट ठेवा म्हणजे टपालाच्या शिक्क्यावरून तारीख कळेल, टाचण्या काढा, नाहीतर गंजून कागद खातात. मग पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा गावातलं जुनं वाचनालय, जिथे ती नीट राहतील तिथे विचारा.

काकांचं पत्र मी स्कॅन करून ठेवलं आहे. आवाहनासोबत त्याचा फोटो हवा असेल, तर ते लिहिणाऱ्या संपादकांच्या घरच्यांची परवानगी घेऊन पाठवते.

आपली,
एक वाचक, सातारा