तक्रार: रंग विचारलात, वजन विचारले नाही

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
सस्पेन्शन किट विभाग

विषय: 50 मिमी ‘संपूर्ण’ लिफ्ट किटची चुकीची निवड, अपुरे भाग आणि ब्रेकच्या पाइपाला निर्माण झालेला धोका

महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्या संकेतस्थळावर ‘तुमचे किट निवडा’ असा एक अर्ज आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत: गाडी कोणती, लिफ्ट (म्हणजे गाडी किती उंच करायची) किती हवी आणि शॉकचा (स्प्रिंगचे उसळणे आवरणाऱ्या नळकांड्याचा) रंग कोणता. मी तिन्ही उत्तरे दिली. त्यावरून तुम्ही पाठवलेले किट सहा आठवडे वापरले आणि गेल्या आठवड्यात उतरवून ठेवले. गाडी पुन्हा मूळच्या स्प्रिंगांवर उभी आहे आणि खरे सांगायचे तर सुखात आहे.

याआधी दोनदा फोनवर बोलणे झाले. दोन्ही वेळा ‘मॅडम, अलाइनमेंट करून घ्या, बसेल हळूहळू’ एवढेच, म्हणजे चाकांचे कोन यंत्रावर जुळवून घ्या इतकेच, ऐकायला मिळाले. अलाइनमेंटने यातले काय सुटते आणि काय सुटत नाही, हे तुमच्याकडच्या जाणत्या माणसाने एकदा वाचावे म्हणून हे सविस्तर पत्र.

गाडी सुझुकी जिम्नी आहे, 2018 साली आलेल्या चौथ्या पिढीतली, तीन दारांची. पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल (दोन्ही चाके जोडणारा एकच आस) आणि कॉइल स्प्रिंग, व्हीलबेस 2250 मिमी. पुढे लोखंडी बंपर नाही, विंच नाही, जादाचे काहीच नाही. मागे मात्र हत्यारांची पेटी, पाण्याचे कॅन, ओढदोर आणि तंबू असे सुमारे 90 किलो सामान कायम असते. हे सगळे मी ऑर्डर देतानाच सांगितले असते, पण सांगायला अर्जात जागाच नव्हती.

सर्वांत गंभीर गोष्ट आधी सांगते. किट बसवल्यावर पाचव्या दिवशी एका खोल चरातून गाडी तिरकी काढत होते. पुढचे डावे चाक खाली लोंबले. सवयीने उतरून खाली डोकावले, तर त्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप तारेसारखा ताणलेला. सोबतच्या मैत्रिणीला स्टेअरिंग सावकाश वळवायला सांगितले, तेव्हा त्याचे टोकाचे फिटिंग वाकू लागले. एबीएसच्या वायरीचीही तीच गत. पाइप तुटला नाही, हे माझे नशीब. त्यात तुमच्या किटची काही पुण्याई नाही.

कारण साधे आहे. तुमचे शॉक मूळ शॉकपेक्षा जास्त उघडतात, त्यामुळे ॲक्सल पूर्वीपेक्षा खाली जातो. पाइपाची लांबी मात्र कारखान्याने मूळ लोंबण्यावरूनच ठरवलेली आहे. म्हणून एक तर लांब पाइप द्यावा लागतो, नाहीतर पाइप जिथे चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) अडकवलेला असतो तो बिंदू खाली आणणारा छोटा ब्रॅकेट. पत्र्याचा तुकडा आणि एक बोल्ट, इतकेच ते काम. ‘संपूर्ण’ लिहिलेल्या खोक्यात तो नव्हता, आणि चाक पूर्ण लोंबवून पाइप तपासा असे एक वाक्यही सोबतच्या कागदावर नव्हते. हेच किट घेतलेले तुमचे बाकीचे ग्राहक आज कुठे ना कुठे गाडी चालवत असतील. माझ्या तक्रारीचे काय करायचे ते सावकाश ठरवा, पण त्यांना आजच कळवा.

आता स्प्रिंगांकडे येते. पुढच्या स्प्रिंगच्या खोक्यावर बारीक अक्षरात ‘जादा भार 60 ते 110 किलो’ आणि ‘26 न्यूटन प्रति मिमी’ (एक मिमी दबायला लागणारा जोर) असे छापले आहे. म्हणजे ही स्प्रिंग लोखंडी बंपर आणि विंच लावलेल्या गाडीची. माझ्या गाडीवर तो भार नाही. मधला आकडा 85 किलो धरला तरी एका स्प्रिंगवर साधारण 42 किलो कमी पडतात, म्हणजे सुमारे 412 न्यूटन. त्याला 26 ने भागले तर 16 मिमी येतात, म्हणजे स्प्रिंग तेवढी कमी दबते आणि 50 चे 66 होतात. टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजले, बसवण्याआधी आणि नंतर. पुढे लिफ्ट 66 मिमी निघाली. हिशेब जुळला, दुर्दैवाने.

मागे नेमके उलटे. मागच्या स्प्रिंगांवर ‘जादा भार नाही’ असा शिक्का आहे आणि माझे सगळे ओझे तर मागेच. सामान भरल्यावर मागची बाजू मूळ रिकाम्या गाडीपेक्षा जेमतेम 34 मिमी वर राहिली. नाक वर, शेपूट खाली. रात्री समोरून येणारे लोक मला दिवे मारून दाखवत. पहिले दोन दिवस मला वाटले, नवे रूप आवडले असावे. हेडलाइट खाली करून घेतल्यावर ते कौतुक थांबले.

दिसण्याचे सोडून देऊ. भाराविना ठेवलेली कडक स्प्रिंग बारीक दगडांवर दबतच नाही. चाक जमिनीला धरून राहण्याऐवजी उडते, आणि जिथे पकड हवी तिथे ती जाते. लिफ्ट घ्यायची ती वाटेबाहेर गाडी नीट चालावी म्हणून. माझी गाडी खडीवर आधीपेक्षा वाईट चालू लागली.

फोनवर ज्या अलाइनमेंटचा सल्ला मिळाला ती मी करून घेतली होती, तुम्ही सांगायच्या आधीच. त्या कागदावर पुढचा कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते तो मागे किती कललेला आहे, तो कोन) मूळ मापापेक्षा अडीच अंशांनी कमी दाखवला आहे. या गाडीत पुढचा ॲक्सल दोन लांब आर्मवर (लोखंडी दांड्यांवर) असतो आणि ते आर्म मागे चॅसीला जोडलेले असतात. चॅसी उचलली की आर्मचे मागचे टोक वर जाते, ॲक्सल पुढच्या बाजूला कलतो आणि कॅस्टर घटतो. कॅस्टर घटला की वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही. वेग 70 च्या पुढे गेला की गाडी इकडून तिकडे भरकटायची आणि मी दोन्ही हातांनी तिला धरून बसायची. अखंड ॲक्सलच्या गाडीत अलाइनमेंटच्या यंत्रावर फक्त टो (चाकांची पुढची टोके आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलता येतो. कॅस्टर सुधारायला मध्याबाहेर भोक असलेले बुश (आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे) किंवा बदललेले आर्म लागतात, आणि ते किटमध्येच यायला हवेत. तेव्हा ‘अलाइनमेंट करून घ्या’ हे उत्तर देणाऱ्याने एकदा तरी या गाडीखाली झोपून पाहावे.

ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या लॅटरल रॉडचेही तसेच. तिचे एक टोक चॅसीला, दुसरे ॲक्सलला. चॅसी वर गेली की रॉड जास्त तिरपी होते आणि ॲक्सलला एका बाजूला ओढते. माझा पुढचा ॲक्सल 8 मिमी सरकला. एवढ्याने फार बिघडत नाही, हे मी मान्य करते. स्टेअरिंग मधोमध आणून घेतले आणि निभावले. तरी लांबी बदलता येणारी रॉड वेगळी घ्यावी लागेल, एवढे तरी खोक्यावर छापता आले असते.

चौथ्या आठवड्यात मागचा उजवा शॉक गळू लागला. हमीच्या अर्जावर तुमच्या माणसाने ‘चुकीची फिटिंग’ असा शेरा मारला. याचा मला सर्वांत जास्त राग आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. नवा शॉक पूर्ण दाबल्यावर जुन्यापेक्षा 38 मिमी लांब भरतो. दोन्ही शेजारी ठेवून मोजले आहेत, फोटो जोडला आहे. म्हणजे तो आधी संपतो. ॲक्सलला आधी थांबवायचे काम बंप स्टॉपच्या रबराचे असते, पण ते रबर मूळच्याच जागी आहे. मोठ्या खड्ड्यात रबर टेकण्याआधीच शॉकचा दांडा आत आपटतो. दर आपटीला खणकन आवाज यायचा, तो मी सामानाचा समजत होते. बंप स्टॉप तेवढाच खाली आणणारे तुकडे किटमध्ये असते तर हा शॉक आज ठीक असता. यात फिटरने काय चुकीचे केले?

उलट त्याने तुमची एक चूक झाकली. तुमचा फिटिंगचा कागद एका पानाचा आहे, चार चित्रांचा. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिच्या वजनाखालीच शेवटचे आवळायचे, हे त्यात कुठेच नाही. गाडी जॅकवर लोंबत असताना ते आवळले तर आतली नळी त्याच स्थितीत पकडली जाते, गाडी खाली आली की रबर कायम पिळलेले राहते आणि काही दिवसांत फाटते. फिटरने कागद वाचला, घडी घालून मला परत दिला आणि गाडी खाली घेऊन मगच बोल्ट आवळले. तुमचा शेरा त्याला दाखवायची मला लाज वाटली.

जाहिरातीबद्दल थोडेसे. ‘ग्राउंड क्लिअरन्स 210 वरून थेट 260 मिमी’ असे तुम्ही लिहिता. या गाडीचे 210 मिमी हे ॲक्सलवरच्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गोळ्याखालचे माप आहे, आणि तो गोळा स्प्रिंगच्या खाली, चाकांबरोबर असतो. स्प्रिंग कितीही उंच घातली तरी तो तसूभरही वर जात नाही. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तेही व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने. मूळ टायर 195/80 आर 15, व्यास 693 मिमी. मी घातलेले 215/75 आर 15, व्यास साधारण 703. माझी खरी वाढ 5 मिमी. बंपर, चॅसी आणि पोट वर जाते, चढ-उताराचे कोन सुधारतात आणि मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळते. लिफ्टचे हे खरे फायदे आहेत आणि ते सांगून किट खपत नाही असेही नाही. मग खोटा आकडा कशाला?

माझीही चूक आहेच. 215/75 चे टायर या गाडीला लिफ्टशिवायही बसतात. माझ्या कामाला 30 मिमी भरपूर होते आणि 30 मध्ये कॅस्टर, पाइप, रॉड यांची तारांबळही बरीच कमी झाली असती. ऑर्डर देण्याआधी मी तुमच्या विक्री प्रतिनिधीला तसे विचारले होते. तो म्हणाला, ‘30 केलेले दिसतसुद्धा नाही, मॅडम.’ मी भुलले. अरुंद, उंच गाडी आणखी वर नेली की गुरुत्वमध्यही वर जातो आणि आडव्या उतारावर उलटण्याची भीती वाढते, हे मला माहीत होते. त्यालाही माहीत असायला हवे होते.

माझ्या मागण्या अशा. किट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. ते जमत नसेल तर पुढे जादा भाराविना आणि मागे 90 किलो कायम भारासाठी 30 मिमीच्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉक, बंप स्टॉपचे तुकडे, पाइपाचे ब्रॅकेट आणि गरज असल्यास कॅस्टरचे बुश द्यावेत. हमीच्या अर्जावरचा ‘चुकीची फिटिंग’ हा शेरा कोणत्याही परिस्थितीत लेखी मागे घ्यावा, कारण त्यात एका चांगल्या कारागिराचे नाव खराब होते. आधीच्या ग्राहकांना ब्रेकच्या पाइपाबद्दल कळवल्याची प्रत मला पाठवावी. आणि त्या अर्जात पुढे किती वजन, मागे किती वजन, टायर कोणते आणि गाडी बहुतेक कुठे चालते, एवढे चार प्रश्न घालावेत. रंगाचा प्रश्न पाचवा ठेवा, माझी हरकत नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवे, फोन नको. मोजमापांचे फोटो, अलाइनमेंटचा कागद, खोक्यांवरच्या शिक्क्यांचे फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. किट धुऊन मूळ खोक्यांत भरून ठेवले आहे. गळणारा शॉक प्लास्टिकमध्ये गुंडाळला आहे. न्यायला येणाऱ्या माणसाला तो उभाच धरायला सांगा, आडवा केला की तेल सांडते.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)

ता.क.: शॉक लाल रंगाचे मागवले होते. ते मात्र अगदी बरोबर आले.