जामीन राहणारा

नगर,
रविवार, उपासनेनंतर

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, मी दोन तोंडांची होत चाललेय का?" तेव्हा घरात माणसं बसली होती, म्हणून पत्राने सांगतो म्हणालो. खोलीतल्या वारकरी मैत्रिणीशी तू येशूबद्दल एका तऱ्हेने बोलतेस, देव न मानणाऱ्या तुझ्या डॉक्टरांशी दुसऱ्या, आणि आपल्या चर्चच्या मंडळीत आलीस की तिसऱ्याच. याचं तुला मनातून खातंय, हे मला बरं वाटलं. ज्याला खात नाही त्याची मला जास्त काळजी वाटते.

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक काढ आणि तेरावा, चौदावा, सतरावा हे तीन अध्याय एका बैठकीत वाच. पिसिदियातल्या अंत्युखियाच्या यहुदी सभास्थानात येशूचा प्रेषित पौल मिसर देशापासून दाविदापर्यंतचा इतिहास सांगतो, कारण ऐकणाऱ्यांना तो पाठ आहे. लुस्त्रात लोक त्याला आणि त्याचा सोबती बर्णबा याला देव समजून बैल आणि हार घेऊन येतात. तिथे तो शास्त्रातलं एक वचनही पुराव्याला काढत नाही, पाऊस आणि पिकापाण्याचे दिवस कोण देतो ते विचारात घ्यायला लावतो. अथेनैत 'अज्ञात देवाला' अशी अक्षरं असलेल्या वेदीपासून सुरुवात करतो आणि त्यांच्याच कवींची ओळ म्हणून दाखवतो. पण शेवट बघ. मेलेल्यांतून उठण्याची गोष्ट काढली तर ही विद्वान मंडळी हसतील, हे त्याला कळत नव्हतं का? तरी त्याने ती काढली. काही जण हसलेही. लुस्त्रातही, हार गळ्यात घालून घेतले असते तर सगळं गाव त्याचं झालं असतं. 'आम्हीही माणसंच' म्हणत त्याने स्वतःचे कपडे फाडले.

आता माझं सांगतो. हे तुझ्या आईशिवाय कुणाला माहीत नाही.

बावीस वर्षांचा होतो, अंगात नवा आवेश होता. आषाढात दिंडी गावात विसावली होती. शेजारच्या तात्यांच्या ओट्यावर वारकरी जेवत होते, आणि मी हातात पत्रकं घेऊन तिथे उभा राहून म्हणालो, "तात्या, तुमचं तारण अजून झालेलं नाही." तात्या वाढता वाढता थांबले. "तारण? आरं पोरा, सोनं तर म्या कधी कुठं ठिवलंच न्हाई." मला वाटलं थट्टा करतात. मी चिडून त्यांच्या विठ्ठलाबद्दल नको ते बोललो. त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि पुढच्या पंगतीकडे वळले. ते थट्टा करत नव्हते, बाळ. ज्या माणसाने 'तारण' हा शब्द फक्त पतसंस्थेच्या पाटीवर वाचलाय, त्याने दुसरं काय समजावं? पापातून सुटका या अर्थाचा शब्द माझा होता, समजावण्याचं काम माझं होतं, आणि राग मी त्यांच्यावर काढला. पुढे किती तरी दिवस मी त्या ओट्यावर चढलो नाही.

मग एका वर्षी त्यांच्या धाकट्या भावाचा कांदा चाळीतच सडला. त्याच्या कर्जाला तात्या जामीन होते. त्यांनी बैलजोडी विकून पैसे भरले. रिकाम्या गोठ्याकडे बघत बसलेले दिसले तसा मी जाऊन नुसता शेजारी बसलो. आठ-दहा दिवस रोज जात होतो, काही न बोलता. एकदा तेच म्हणाले, "जामीन राहणाऱ्याचं नाव कुणी काढत न्हाई, पर भरायचं त्यालाच." मी घरून बायबल आणलं आणि इब्री लोकांस पत्रातला सातवा अध्याय काढला. तिथे येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "त्याला सही करायला कुणी सांगितलं हुतं?" मी म्हणालो, "कुणीच नाही, तात्या." ते खूप वेळ बोलले नाहीत.

आणि तोच मी, वर्षभराने त्यांच्या नातवाच्या जावळाच्या जेवणात, चार माणसांत वाईटपणा नको म्हणून म्हणून गेलो, "नावं वेगळी, शेवटी सगळं एकच." परत येताना तात्या म्हणाले, "मग तुझ्या त्या जामिनानं कशापायी भरलं?" त्या रात्री मला झोप नाही. सकाळी जाऊन सांगितलं, "काल मी खोटं बोललो. मला तसं वाटत नाही." त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला सांगितला. तात्या शेवटपर्यंत माळकरी राहिले. त्याचं मला दुःख आहे, ते लपवत नाही. पण आमच्यातला शब्द खोटा राहिला नाही.

अभंगांच्या अंगाने बोलतेस त्यात काही वावगं नाही. आपल्या नारायण वामन टिळकांनी येशूची भजनं त्याच चालीत बांधली. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात त्या त्यांच्याजवळ राहायला आल्या तरी सोवळं पाळत होत्या. घरात एवढी वाट बघणं सोपं नसतं. त्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सने ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओवीत छापली. ओवी इथली, पण वधस्तंभ त्याने गाळला नाही.

प्रसादाचं विचारलं होतंस. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, वाढलेलं न चौकशी करता खा, पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नको. तेव्हा हात जोडून 'नको' म्हण, तिथे प्रवचन देऊ नको, आणि त्यांच्या घरी पुरण वाटायला मात्र बस.

मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन गुरुवारी आहे ना? तिने प्रार्थना कर म्हटलंय तर तिच्या आईचं नाव घेऊन कर, घरी बोलतो त्या मराठीत, आणि येशूच्या नावाने कर, कारण तिने तुला विचारलंय. बुधवारी रात्री तिच्याजवळ थांबता येईल अशी ड्यूटी बदलून घे. आई डबा पाठवतेय, दोघींना पुरेल एवढा.

तुझा,
बाबा