नारळाचं दूध घरीच काढ

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालीस डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलंय, लॅक्टोज पचत नाही म्हणून, आणि तू हिंजवडीहून येतानाच नारळाच्या दुधाचा डबा घेतलास, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आपल्या घरी नारळ फोडायचं, खोवायचं काम कायम माझंच, म्हणून लिहितोय.

डबा अडीअडचणीला ठेव, पण लेबल वाच, बऱ्याच डब्यांत दूध वेगळं होऊ नये म्हणून ग्वार गम वगैरे घालतात. ताज्या दुधाचा वास मात्र त्यात नाही गं.

नारळ घेताना हाताला जड लागेल तो घे, हलवून पाणी वाजतंय का बघ, तिन्ही डोळे कोरडे हवेत. खवणी नसेल तर बारीक काप करून मिक्सरला लाव. सगळी मेख पाण्यात आहे, ते कोमट हवं, हाताला सोसेल इतकं. खोबऱ्यातलं तेल गारठलं की घट्ट होतं (डिसेंबरात आपली खोबरेलची बाटली गोठायची, आठवतंय ना?) मग ते चोथ्यातच अडकतं आणि कितीही पिळलं तरी पाणचट रस येतो. म्हणून फ्रीजमधलं खोबरं आधी बाहेर काढून ठेव. एका नारळाला वाटीभर पाणी घालून फिरव, स्वच्छ पंचात घट्ट पिळ, हे जाड दूध. त्याच चोथ्यात परत पाणी घालून पिळलं की पातळ दूध.

बिरडं पातळ दुधात शिजवायचं आणि जाड अगदी शेवटी, गॅस बारीक करून. आजी गावाला गेली होती तेव्हा मी जाड दूध आधीच ओतून खळाखळा उकळलं, ते फुटलं, वर तेल आणि खाली कण कण. तू चार वर्षांची होतीस, तरी दोनदा मागून खाल्लंस. सोलकढी तर गरमच करायची नाही, आमसुलं अर्धा तास भिजवून कुस्करायची, त्यात दूध, ठेचलेली लसूण, मिरची, मीठ, बस.

आता महत्त्वाचं. यात लॅक्टोज नाही हे खरं, पण ते गाईच्या दुधाची जागा घेत नाही. कॅल्शियम, प्रोटीन दोन्ही कमी, आणि जाड दुधात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास फॅट, तेही बहुतेक सॅच्युरेटेड, त्यामुळे रोज ग्लास भरून पिऊ नकोस. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर नाचणीचं पीठ पातळ दुधात शिजवून गूळ, वेलची घाल, सकाळचा नाश्ता झाला. तीळही खात जा. दही-ताक चालेल का ते डॉक्टरांना नक्की विचार.

काढलेलं दूध फ्रीजमध्ये एक दिवस, फार तर दीड. वर घट्ट थर येतो, ते खराब झालं असं नाही, ढवळलं की झालं. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठव, आमटीला दोन-दोन तुकडे पुरतात.

चोथा टाकू नकोस, कढईत कोरडा भाजून लसूण, तिखट, मीठ घालून कूट, भाकरीशी मस्त लागतो. आजीच्या खवणीला धार लावून आणलीय, रविवारी घेऊन येतो, नारळ मंडईतून मीच आणतो, तू फक्त पंचा धुऊन वाळवून ठेव.

बाबा