शिवून टाकलेले पाटे

ता. वणी, जि. यवतमाळ
दिवाळीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "काय करून राहिला बे?" आणि मी "काही नाही" म्हणून टाळलं. खरं म्हणजे तेव्हा मी ओसरीत पालथा पडून खेळण्यातल्या ट्रकच्या पोटाखाली टॉर्च मारून पाहत होतो. चाळिशी उलटलेल्या माणसाने हे फोनवर सांगायचं कसं? म्हणून पत्र.

आपला मेकॅनोचा डबा आठवतो ना, भोकांच्या लोखंडी पट्ट्या नट-बोल्टांनी जोडायच्या तो? ताईचा पोट्टा सुट्टीत आला, त्याने तो माळ्यावरून काढला आणि म्हणाला, "मामा, घुग्घूसच्या रोडनं कोळशाचे ट्रक जातेत नं, तसा बनवू." तीन दिवसांत चेसिस, केबिन, डाला, एका मोडक्या गाडीतली मोटर, सगळं उभं राहिलं. अडलं ते पाट्यांवर, म्हणजे चेसिस आणि धुऱ्याच्या मधल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर.

दर बाजूला लांबीने उतरत्या पाच पट्ट्या एकावर एक रचल्या, थोडी कमान दिली आणि हलायला नको म्हणून तीन-तीन बोल्टांनी आवळल्या. टोकंही चेसिसला पक्की ठोकली. दिसायला काय रुबाब! पण डाल्यात दोन किलोचं वजन ठेवलं तरी पाटा केसभर दबेना. अंगणातल्या फरशीच्या कडेवर पुढचं एक चाक चढलं की त्याच बाजूचं मागचं हवेत. रिकामा ट्रक तर खड्यावरून बेडकासारखा उडायचा.

मी आपला पट्ट्यांच्या मागे लागलो. पाचाच्या चार केल्या, चाराच्या तीन. फरक शून्य. चिडून एकेकच ठेवली, तर दोनदा आपटताच ती वाकली ती वाकलीच. नरम लोखंड ते, परत येतं कुठे! पोट्टा शांतपणे म्हणाला, "मामा, खऱ्या ट्रकचे पाटे कसे असतेत ते पाहून येऊ नं." हे मला सुचायला हवं होतं.

ट्रक थैलीत घालून आम्ही रोडवरच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी तो उलटा केला, अंगठ्याने पाटा दाबून पाहिला आणि हसले. "पाट्याले सरकाले जागा लागते नं बाप्पा. तुवा त शिवूनच टाकला!" मग जॅकवर चढवलेल्या एका ट्रकखाली आम्हाला वाकायला लावलं. पाट्यांच्या थप्पीतून आरपार गेलेला सेंटर बोल्ट एकच. बाजूच्या क्लिपा नुसत्या सांभाळायला. दोन पाट्यांच्या मध्ये जिथे घासून घासून लोखंड चकचकीत झालं होतं, तिथे त्यांनी पोट्ट्याचं बोट धरून फिरवलं. मेन पाट्याचं पुढचं टोक हँगरमध्ये पिनवर होतं, मागचं मात्र शॅकलवर, म्हणजे फिरत्या दुव्यावर, झोक्यासारखं झुलत होतं. कमान दबली की पाटा लांबतो. ती वाढीव लांबी जाणार कुठे? माझ्या ट्रकात दोन्ही टोकं बांधलेली, म्हणून ती कुठेच जात नव्हती.

रात्री कागदावर मांडून पाहिलं तेव्हा स्वतःचीच कीव आली. पट्टीची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. पण सुट्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकू दिल्या तर फक्त दुप्पट. म्हणजे सारख्या लांबीच्या पाच सुट्या पट्ट्यांचा ताठपणा पाचपट, आणि त्याच पाच जर पुरत्या एकजीव केल्या तर सव्वाशेपट! मी बोल्ट आवळून त्याच वाटेने चाललो होतो.

पट्ट्यांचा माल बदलला. सध्या जिनिंग जोरात आहे, तिथून रुईच्या गाठीला बांधायच्या लोखंडी पट्टीचा टाकाऊ तुकडा आणला. वाकवून सोडला की झटकन सरळ. भोकं मात्र अर्ध्या इंचावरच पाडावी लागली, म्हणजे १२.७ मिलिमीटर. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली मेकॅनोच्या या खेळण्याचं पेटंट घेतलं, आणि भोकांमधलं ते अंतर अजून तेच आहे. शॅकलला दोन भोकांची सगळ्यात छोटी पट्टी लावली. तिथला बोल्ट आवळायचा नाही, दोन नट एकमेकांवर आवळायचे, म्हणजे पट्टी फिरती राहते आणि नटही गळत नाही. आता दोन किलोचं वजन ठेवलं की ट्रक बोटभर बसतो, काढलं की उठतो. पोट्ट्याने हा प्रकार निदान पन्नासदा केला असेल.

पण पाटे मोकळे झाले आणि मोटरचा फेरा मागच्या धुऱ्याला पोचवणारा जॉइंट शाफ्ट निसटायला लागला. पाटा दबला की धुरा वर तर जातोच, थोडा मागेही सरकतो, आणि आमचा शाफ्ट एका मापाचा. मग त्याचे दोन तुकडे केले. एकाच्या टोकाला दोन पट्ट्यांचा चिमटा, दुसऱ्याच्या टोकाला आडवी पिन, ती चिमट्यात बसते. फिरताना चिमटा पिनेला सोबत फिरवतो आणि लांबी कमीजास्त झाली की पिन आतबाहेर सरकते. खटखट आवाज येतो, पण निसटत नाही.

आता पुढचा धुरा तेवढा राहिला आहे. चाकं बाहेर येऊ नयेत म्हणून त्याला स्क्रूचे चार कॉलर लागतात आणि डब्यात एकही नाही. दहावीच्या सुट्टीत तू चार नेले होतेस, "उद्या देतो" म्हणून. तुझ्या आईच्या शिलाई मशीनच्या खणात असतील, बघ. सापडले की पुण्याहून एसटीच्या पार्सलने टाक. सध्या तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे चढवलेत, आणि ते वळणावर दगा देतात.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळू