आइनस्टाइनला पर्याय कशासाठी?

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. मी इकडे सुखरूप आहे. शंभर वर्षे प्रत्येक कसोटीला उतरलेल्या आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताला पर्याय शोधण्यात उमेदीची वर्षे का घालवायची, हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि फोनवर घाईने उत्तर देण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

शंकेचे मूळ सिद्धांताच्या पोटातच आहे. तारा कोसळून कृष्णविवर झाले की आत अशी अवस्था अटळ असते जिथे आइनस्टाइनची समीकरणे पुढे काहीच सांगू शकत नाहीत, हे पेनरोज यांनी १९६५ मध्ये गणिताने दाखवले. शिवाय, कसोटी घ्यायची तर सिद्धांत चुकीचा असता तर काय दिसले असते, हे कोणीतरी आधी मांडून ठेवावे लागते.

असे प्रयत्न जुने आहेत. ब्रान्स आणि डिकी यांनी १९६१ मध्ये गुरुत्वाकर्षणाला एका अदिश क्षेत्राची, म्हणजे अवकाशात सर्वत्र पसरलेल्या आणि प्रत्येक ठिकाणी दिशा नसलेले नुसते एक मूल्य असणाऱ्या राशीची, जोड दिली. हॉइल आणि आपले नारळीकर यांनी १९६४ मध्ये वेगळाच सिद्धांत मांडला. पुढे १९७२ मध्ये हॉकिंग यांनी सिद्ध केले की ब्रान्स-डिकी सिद्धांतातली स्थिरावलेली कृष्णविवरे हुबेहूब आइनस्टाइनच्याच कृष्णविवरांसारखी असतात. म्हणजे सिद्धांत निराळा असूनही विवर तेच! काही पर्याय मात्र एका दिवसात बाद झाले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाश-कालात उठणारे तरंग) आणि गॅमा किरण (प्रकाशाचाच एक प्रकार) सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पोचले, आणि या लहरींचा वेग प्रकाशाहून वेगळा मानणारे बहुतेक सिद्धांत निकालात निघाले. ते मांडणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण त्यांनी निसंदिग्धपणे खोटे ठरू शकेल असे काही सांगितले होते.

आता माझ्या कामाविषयी. दोन कृष्णविवरे एकत्र आली की नवे विवर टोला दिलेल्या घंटेसारखे क्षणभर निनादते आणि शांत होते. हा निनाद १९७० मध्ये प्रथम गणिताने दाखवला तो सी. व्ही. विश्वेश्वरा या भारतीय शास्त्रज्ञांनी, आणि ते वाचताना मला आजही अभिमान वाटतो. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार त्यातला प्रत्येक स्वर विवराचे वस्तुमान आणि त्याचे परिवलन (स्वतःभोवती फिरणे) या दोनच गोष्टींवरून ठरतो. त्यामुळे एका स्वरावरून या दोन्ही काढल्या की दुसरा स्वर जुळलाच पाहिजे. १४ जानेवारी २०२५ रोजी अशाच मीलनातून आलेली गुरुत्वीय लहर २०१५ मध्ये टिपलेल्या पहिल्या लहरीपेक्षा सुमारे तिप्पट स्पष्ट होती. तिच्यात दोन स्वर वेगळे करता आले आणि ते जुळले.

मी ज्या सिद्धांतावर काम करते त्यात अदिश क्षेत्र थेट अवकाश-कालाच्या वक्रतेशी जोडलेले असते, आणि तिथे विवर खरोखरच बदलते. गंमत अशी की विवर जितके अवजड, तितकी त्याच्या क्षितिजावरची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेवरची, वक्रता कमी. २०१९ मध्ये ज्याची प्रतिमा प्रसिद्ध झाली ते एम८७ या दीर्घिकेतले विवर ६५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे आहे, त्यामुळे या सिद्धांताबद्दल ते फारसे काही सांगू शकत नाही. काही सूर्यांइतक्याच वस्तुमानाचे लहान विवर इथे कितीतरी मोलाचे. अडचण परिवलनाची आहे. आइनस्टाइनच्या सिद्धांतात फिरत्या विवराच्या कंपनांचे समीकरण दोन सोप्या भागांत विभागता येते, ही भौतिकशास्त्रज्ञ ट्युकोल्स्की यांची देणगी. इथे ते तसे सुटत नाही. परिवलन मंद मानून सूत्रात एकेक पद (दुरुस्तीची संज्ञा) वाढवत उत्तराजवळ जाता येते, पण मीलनातून झालेली विवरे बहुधा कमाल परिवलनाच्या सुमारे सात दशांश गतीने फिरतात, म्हणून पुष्कळ पदे घ्यावी लागतात आणि प्रत्येक पद तपासावे लागते. सध्या माझे दिवस त्यातच जातात.

यातून बहुधा एवढेच निघेल की हे क्षेत्र असलेच तर अमुक मर्यादेपेक्षा दुबळे आहे. तेवढेही मला पुरेसे वाटते, कारण ही गणिते तयार नसतील तर पुढची स्पष्ट लहर येईल तेव्हा तिच्याशी ताडून पाहायला काहीच हाती नसेल.

आईला साष्टांग नमस्कार सांगावा.

तुमची आज्ञाधारक मुलगी