नाना, तुमच्यामुळे आमची कात्रणं वाचली

सांगली

आदरणीय नाना,

सा. न. वि. वि.

शाल-श्रीफळ घ्यायला तुम्ही दोनदा नाही म्हणालात. दुसऱ्या वेळी तर स्पष्टच सांगितलंत, "माझं नाव कुठं लावू नकोस." नाही लावत. पण तुम्ही काय केलंत ते सांगलीतल्या लोकांना कळायला हवं, कारण तुम्ही वाचवलेले कागद शेवटी त्यांच्याचबद्दलचे आहेत. म्हणून हे पत्र तुमच्या दारच्या पेटीत न टाकता सगळ्यांसमोर ठेवतेय.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. आमचं कलासंग्रहालय नदीकडच्या जुन्या वस्तीत. २००५ च्या पुराची रेघ आम्ही भिंतीवर मुद्दाम राखून ठेवली होती आणि तिच्या हातभर वर फळ्या ठोकून सगळी दप्तरं त्यावर चढवली होती. आता पाणी आलं तरी आपल्याला काही होत नाही, अशी आमची खात्री. पाणी चढायला लागलं तशी आधी चित्रं वरच्या मजल्यावर गेली, मग शिल्पं. ते योग्यच होतं. प्रसिद्धीच्या खोलीकडं मात्र कुणी वळलंच नाही. मीसुद्धा नाही. बावीस वर्षं त्या खोलीत बसून मी पत्रकं लिहिली, पत्ते लिहिले, शाळांना फोन केले, आणि ऐन वेळी तिथलं काही उचलावं असं माझ्याही डोक्यात आलं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते.

पाणी ओसरल्यावर कपाटं उघडेनात. आतले कागद फुगून दारांना आतून दाबत होते. पहारीनं दार काढलं तेव्हा निमंत्रणपत्रिका, पोस्टरं, प्रसिद्धिपत्रकांच्या कार्बन प्रती, कात्रणांच्या वह्या, शाळाभेटींची रजिस्टरं, अभिप्रायाच्या वह्या, फोटोंची पाकिटं, सगळ्याचा मिळून एक चिखलात माखलेला ढिगारा खाली आला. बाहेर गल्लीत घराघरांतला भिजलेला संसार ट्रॅक्टरमध्ये भरणं चालू होतं. आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, हेही त्यातच जाऊ दे, चित्रं वाचली ना. मी मान डोलवायच्या बेतात होते.

तुम्ही मिरजेहून पुतणीच्या घरातला गाळ काढायला आला होतात. आमचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावलात. पायात गमबूट, हातात खराटा. नुकसान किती, विमा होता का, असलं काही विचारलं नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, "हवा लागून किती तास झाले?"

मला कळलंच नाही. मग तुम्ही तिथंच उकिडवं बसून सांगितलंत की पाण्याखाली असतो तोवर ओला कागद तसा बरा असतो, हवा लागली की दोन दिवसांत बुरशी धरते, आणि पावसाळी दमटात त्याआधीही. म्हणजे आमच्या हातात उद्या संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. आयुष्य सरकारी दप्तरखान्यात घालवलेला माणूस त्या दिवशी नेमका आमच्या दारात यावा, याला मी काय म्हणू!

पुढच्या दोन दिवसांतलं सगळं सांगत नाही, पण दोन-तीन गोष्टी लिहायलाच हव्यात.

शहराच्या विश्रामबाग भागात पुराचं पाणी नव्हतं. तिथलं एक मंगल कार्यालय मिळालं. तुम्ही हॉलभर सुतळ्या ताणायला लावल्यात, पंखे चालू केलेत, पण कागदांवर झोत नको म्हणून तोंडं भिंतीकडं फिरवलीत. कुणीतरी उन्हात टाकूया म्हणालं तर ओरडलात, शाई उडते आणि कागद पापडासारखा वळतो म्हणून. वह्या उघडायच्या नाहीत, उभ्या करून पंख्यासारख्या किंचित फाकवायच्या, मध्ये टीपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. रात्री अकराला माझी बोटं सुरकुतली होती आणि तुम्ही अजून टीपकागद कापत होता.

पण खरी अडचण होती माहितीपुस्तिकांची. आर्ट पेपरवर छापलेल्या, चकचकीत. मला वाटत होतं, जाड कागद आहे, हा टिकेल. तुम्ही म्हणालात, हाच आधी जाणार. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, तो ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना अशी धरतात की मग वीट होते, सोडवता येत नाहीत. वाळायच्या आत सुट्या करायच्या, नाहीतर गोठवायच्या. गोठवलं की बुरशी थांबते आणि माणसाला उसंत मिळते. विश्रामबागेतल्या एका आइस्क्रीमवाल्यानं त्याचा डीप फ्रीजर रिकामा करून दिला. (त्या गृहस्थांचेही आभार, त्या आठवड्यात त्यांचा धंदा तसाही बुडालेला होता आणि तरी त्यांनी विजेच्या बिलाचे पैसे घेतले नाहीत.) पुस्तिकांचे गठ्ठे मेणकागदात गुंडाळून आत गेले, आणि दिवाळीनंतर आम्ही ते एकेक करून काढत बसलो.

फोटोंना तुम्ही स्वतः हात लावलात. तीन परातींत स्वच्छ गार पाणी. एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, कडेला धरून. छापाच्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. गाळ तळाला बसत होता आणि पाण्याखाली एकेक चेहरा उमटत होता. हाफ पँटीतली पोरं, एका चित्रासमोर माना वर करून उभी. मागं त्यांचे गुरुजी. तो फोटो आता माझ्या टेबलावरच्या काचेखाली नाही, नाना. तुम्ही रागावाल म्हणून पाकिटात घातलाय, काचेला चिकटतो ना. काचेखाली नुसती झेरॉक्स आहे.

कागद वाळल्यावर माझ्या मते काम संपलं होतं. तुमच्या मते सुरू झालं होतं.

मी पहिल्याच आठवड्यात सगळं विषयवार लावायला घेतलं. पोस्टरं एकीकडं, फोटो एकीकडं, प्रदर्शनांप्रमाणे ढीग. तुम्ही आलात, पाहिलंत आणि हळूच सगळं थांबवलंत. हे कागद कुणाच्या टेबलावर, कुठल्या फाइलीत, कशाच्या मागं होते, ते आधी विचारलंत. रुमालातून, म्हणजे दप्तर बांधायच्या फडक्यातून, काढलेला कागद त्याच रुमालात, त्याच जागी परत गेला पाहिजे, हे तुम्ही पहिल्या नोकरीत शिकला होतात. त्याचा उपयोग मला फार उशिरा कळला. एका जुन्या फाइलीत आधी प्रसिद्धिपत्रकाचा कच्चा खर्डा, त्यामागं खोडाखोड केलेला दुसरा, मग सायक्लोस्टाइल केलेली प्रत, मग ते छापून आल्याचं कात्रण, आणि शेवटी वर्तमानपत्राला लिहिलेलं तक्रारीचं पत्र की वेळ चुकीची छापली. पाचही कागद मी पाच ढिगांत टाकले असते तर ही गोष्ट कायमची गेली असती.

त्यातलंच एक सायक्लोस्टाइल पत्रक. शाई तेलकट, म्हणून पुरातही अक्षर जागेवर राहिलं, हेही तुम्हीच दाखवलंत. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या औंधला सहल नेण्याचं निवेदन. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर उभारलेलं भवानी संग्रहालय, तिथली राजा रविवर्म्याची चित्रं, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-बाळाचं शिल्प, याची चार ओळींत माहिती आणि खाली, "डबा व पाण्याची बाटली सोबत आणावी. गडावर चढताना मुलांनी रांग सोडू नये." त्या काळात कुणीतरी बसून हे लिहिलं. लोकांना चित्रं बघायला न्यायचं, तर आधी डब्याची सोय सांगावी लागते, हे ज्याला कळत होतं त्या माणसाचं नाव पत्रकावर नाही. आपण यादीत 'लेखक: अज्ञात' असं लिहिलं. तुम्ही त्यापुढं पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलंत, म्हणालात, शोधू.

कात्रणांवरून तर तुम्ही माझं नावच ठेवलंत. वर्तमानपत्राचा कागद पिवळा का पडतो, मोडतो का, ते मला माहीत नव्हतं. लाकडाच्या लगद्यातला आम्लाचा भाग कागदाला आतून खातो, आणि शेजारच्या चांगल्या कागदालाही डाग देतो. म्हणून प्रत्येक कात्रणाची चांगल्या कागदावर प्रत काढायची आणि मूळ वेगळं ठेवायचं. माझा पिढीजात उद्योग म्हणजे कात्रण कापायचं, गोंदानं चिकटवायचं, आणि तारीख लिहायला विसरायचं. शेकडो कात्रणांवर ना तारीख, ना वर्तमानपत्राचं नाव. मी हताश झाले होते. तुम्ही एक कात्रण उलटं केलंत.

मागं हळदीचे भाव होते. सांगलीच्या पेठेतले, राजापुरी, किमान, कमाल, सरासरी. निम्मा स्तंभ कापला गेलेला, पण वार आणि तारखेचा आकडा शाबूत. महिना आणि साल नव्हतं. मग जावक रजिस्टर काढलं. कोणतं पत्रक कधी वर्तमानपत्रांकडं गेलं याची नोंद त्यात होती. वार आणि तारीख जुळणारा एकच महिना निघाला. गोंदानं चिकटवलेली बाकीची कात्रणं आम्ही वाफ न देता, ओलसर टीपकागद ठेवून, तासतासभर थांबून सोडवली, ती केवळ पाठीवर काय आहे हे बघायला. नाटकाच्या जाहिराती, सिनेमाच्या खेळांच्या वेळा, हवामान. तारीख आपण अशी ठरवली असेल तर ती चौकटी कंसात लिहायची, म्हणजे पुढच्याला कळेल की हे कागदावर नव्हतं. मी दोनदा कंस विसरले आणि दोन्ही वेळा तुम्ही अख्खं कार्ड नव्यानं लिहायला लावलंत. तेव्हा राग आला होता. आता नाही.

एका बाबतीत आपलं भांडण झालं ते लिहितेच. एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेच्या चाळीसेक प्रती वाचल्या होत्या. तुम्ही तीन ठेवायच्या म्हणालात, बाकी वाटून टाका. पुरातून काढलेला कागद हातानं घालवायचा, हे मला सहन होईना. तुमचं म्हणणं, जागा आणि खोकी यांचा हिशेब नसेल तर पुढचा पूर येण्याआधी वाळवीच येते. प्रती वाटल्या. जत आणि कवठेमहांकाळच्या शाळांच्या वाचनालयांत गेल्या, हे मात्र माझ्या हट्टानं.

त्या शाळांमुळेच मला आपल्या कामाचा अर्थ लागला. शाळाभेटींच्या रजिस्टरांत पहिली कित्येक पानं सांगली-मिरजेच्याच शाळा. मग एका वर्षी गाडीभाड्याची तरतूद झाल्याचं पत्र फाइलीत सापडतं, आणि त्यानंतर रजिस्टरात जत, आटपाडी, शिराळा दिसू लागतात. तरतूद बंद झाल्याचं पत्र येतं, आणि दुष्काळी भागातल्या शाळा पुन्हा दिसेनाशा होतात. चित्रांच्या नोंदवहीत यातलं काही नाही. तिथं चित्राचं नाव, माप, माध्यम, चित्रकार. ते चित्र कुणी पाहिलं, कुणाला बोलावलं आणि कुणाला बोलवायचं राहून गेलं, हे फक्त या कागदांत आहे. निमंत्रितांच्या जुन्या याद्या वाचताना तुम्ही एकदा गप्प झालात. ठरावीक पेठा, ठरावीक आडनावं. तुम्ही टीका केली नाहीत, यादी जशीच्या तशी ठेव एवढंच म्हणालात. मी तिथं नजर खाली घातली, कारण त्यातल्या काही याद्या माझ्या अक्षरात होत्या.

मुलांची नावं असलेली पानं आणि पत्ते-फोनच्या याद्या वेगळ्या खोक्यात, बंद, वर्षं ठरवून, हाही तुमचाच आग्रह. कुणी अभ्यासक आला तर आकडे मिळतील, नावं नाहीत.

मला एकदा कंटाळा आला होता तेव्हा तुम्ही मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांची गोष्ट सांगितलीत. शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पेशवाईतल्या पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं वाचून, निवडून, खंडांमागून खंड छापायचे. ती पत्रं लिहिणाऱ्या कारकुनांना कुठं ठाऊक होतं की आपण इतिहास लिहितोय, असं तुम्ही म्हणालात आणि माझ्यासमोर रिक्षा फिरवून केलेल्या घोषणेचा मजकूर ठेवलात. "रसिक बंधू-भगिनींनो" पासून सुरू होणारा. माझ्याच अक्षरातला.

आता काय स्थिती आहे ते कळवते. यादी पूर्ण झाली. पोस्टरं आडव्या खणांत सपाट आहेत, टाचण्या आणि स्टेपल सगळ्या निघाल्या. महत्त्वाच्या कागदांच्या स्कॅन प्रती तीन ठिकाणी आहेत, त्यातली एक मिरजेला, पाण्याच्या रेघेपासून लांब. दप्तरं आता वरच्या मजल्यावर, चित्रांच्या शेजारच्याच खोलीत. आणि व्हॉट्सॲपवर जाणारी निमंत्रणंही दर महिन्याला छापून फाइलीत जातात, पाठवल्याच्या तारखेसह.

फक्त पहिल्या खोक्याचं लेबल मी कोरं ठेवलंय. बाकी सगळी माझ्या अक्षरात आहेत, हे एक तुमच्या हातचं हवं. गुडघा बरा असेल तेव्हा या, जिन्याला आता कठडा बसवलाय. पेन्सिल टोक करून ठेवलीय.

आपली,
कात्रणवाली